कागदावरचे बेट आणि पाण्यातले बेट

फुफ्फुसाच्या दुखण्यात माझे एक अख्खे वर्ष गेले. बरा होऊन पुन्हा वर्गात बसू लागलो आणि हिवाळ्यात आमची सहल मालवणला गेली. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ बाकीचे मित्र स्नॉर्केलची नळी तोंडात धरून प्रवाळ पाहायला पाण्यात उतरले. मला मात्र डॉक्टरांची सक्त मनाई! मी होडीत सर्वांचे कपडे सांभाळीत बसलो. शेवटी होडीवाल्या काकांनाच दया आली. त्यांनी पाण्यात पाहण्याचा चष्मा माझ्या डोळ्यांवर चढवला, मागून कंबर घट्ट धरली, आणि मी वाकून तोंड पाण्यात बुडवले. दहा-बारा सेकंदच, पण खाली एक निराळेच गाव नांदत होते.

त्या रात्री मला रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची आठवण झाली. आजारपणात माझ्या उशाशी त्याचे ‘ट्रेझर आयलंड’ असे. पुढे त्याचे चरित्र वाचले, आणि कळले की हा मनुष्य माझ्यासारखाच वारंवार अंथरुणाला खिळत असे, आणि तरीही सातासमुद्रांपलीकडे जाऊन नांगर टाकून आला होता.

स्टीव्हन्सनचा जन्म 13 नोव्हेंबर 1850 रोजी एडिंबरो येथे झाला. घराणे दीपगृहे बांधणाऱ्या इंजिनिअरांचे. आजोबांनी बेल रॉकचे प्रसिद्ध दीपगृह उभारलेले. मुलानेही तेच करावे, अशी वडिलांची इच्छा. 1868 साली शिकाऊ म्हणून तो विक येथील बंदराच्या कामावर गेला. तेथे हट्टाने पाणबुड्याचा जड पोशाख आणि शिरस्त्राण घालून तो समुद्राच्या तळाशी उतरला. एरवी अशक्त असलेला हा मुलगा पाण्याखाली हलका होऊन दगडांवर उड्या मारू लागला. इंजिनिअरिंग त्याने पुढे सोडले, कायद्याची परीक्षा दिली, वकिली मात्र केली नाही. साहित्य हाच ध्यास! लहानपणापासून खोकला, ताप आणि पुढे तोंडावाटे रक्त. थंड, ओली हवा त्याला सोसत नसे, आणि स्कॉटलंडमध्ये दुसरी हवा नव्हती.

1880 साली त्याने फॅनी ऑसबर्नशी विवाह केला. पुढच्याच वर्षी ब्रेमार गावी पावसाने सारे घरात कोंडले असता, सावत्र मुलगा लॉइड याच्या करमणुकीसाठी एका बेटाचा नकाशा रंगवला गेला. त्या नकाशातून ‘ट्रेझर आयलंड’ जन्मली. 1883 मध्ये ती पुस्तकरूपाने निघाली. तेव्हा उष्ण कटिबंधातले एकही बेट त्याने पाहिलेले नव्हते! ते बेट कागदावरचे होते. त्यावर खजिना होता, चाचे होते. पण त्या बेटाची स्वतःची अशी माणसे नव्हती.

वडील 1887 साली वारले. त्यानंतर तो अमेरिकेत गेला, आणि 28 जून 1888 रोजी ‘कॅस्को’ नावाचे भाड्याचे शिडाचे जहाज घेऊन सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला. बरोबर म्हातारी आई, पत्नी आणि लॉइड. महिनाभराने मार्केसास बेटांतील नुकु हिवाच्या अनाहो उपसागरात नांगर पडला. होड्या भरभरून लोक डेकवर आले. भाषा कळेना, मन धास्तावले. पण लवकरच त्याने युक्ती काढली. आपल्या स्कॉटलंडातल्या डोंगरी टोळ्यांच्या कथा तो त्यांना सांगे आणि बदल्यात त्यांच्या कथा ऐके.

त्या ऐकलेल्या कथांतली एक मला विसरता येत नाही. हापा नावाच्या जमातीत चारशेच्या आसपास माणसे होती. आधी देवी आल्या, मागून क्षय आला, आणि वर्षाच्या आत दोनच जीव उरले. ज्याला स्वतःला लोक क्षयरोगी समजत, त्याने हे ऐकताना काय अनुभवले असेल?

पुढचा मुक्काम फाकारावा. हे कंकणद्वीप आहे. म्हणजे प्रवाळांनी समुद्रात रचलेले कडे. जमीन इतकी सखल की दुरून आधी माडांचे शेंडे तेवढे दिसावेत. आत सरोवरासारखे पाणी, आणि त्यात शिरायला कड्यातली खिंड. भरती-ओहोटीचे पाणी तेथून जोराने धावते. पाण्याचा रंग ओळखून खडक चुकवावे लागतात. आत शिरताच सारेजण कठड्याशी धावले. नितळ पाण्याखाली प्रवाळांच्या फांद्या फुलल्या होत्या, आणि पट्ट्यापट्ट्यांचे, पोपटासारख्या चोचीचे मासे हिंडत होते. नळी नाही, चष्मा नाही. तरी विकच्या त्या गढूळ तळानंतर वीस वर्षांनी समुद्राने त्याला आपले घर उघडून दाखवले.

ताहितीत तो पुन्हा आजारी पडला. तौतिरा गावी मोए नावाच्या राजकन्येने मसाल्यातले कच्चे मासे भरवून त्याची शुश्रूषा केली. इकडे कॅस्कोची डोलकाठी आतून कुजल्याचे उघडकीस आले. जहाज दुरुस्तीला गेले ते लवकर येईना, शिधा संपत आला. तेव्हा गावचा प्रमुख ओरी याने या परक्या कुटुंबाला आपलेच मानून पोसले. स्टीव्हन्सनच्या डोळ्यांत पाणी आले.

जानेवारी 1889 मध्ये तो हवाईला पोहोचला. तेथील मोलोकाई बेटावरील कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत तो आठवडाभर राहिला, मुलींबरोबर खेळला. नंतर ‘इक्वेटर’ या स्कूनरवरून गिल्बर्ट बेटे करीत डिसेंबर 1889 मध्ये सामोआच्या आपिया बंदरात आला आणि तेथेच घर बांधून राहिला. जर्मनी, अमेरिका आणि ब्रिटन यांनी त्या चिमुकल्या देशात मांडलेल्या खेळाविरुद्ध त्याने 1892 मध्ये एक अख्खे पुस्तक लिहिले. त्याने कैदेतल्या सामोअन सरदारांना मदत केली होती. सुटल्यावर त्यांनी आपण होऊन त्याच्या घरापर्यंत रस्ता बांधून दिला. लोक त्याला ‘तुसिताला’, म्हणजे कथा लिहिणारा, म्हणत.

3 डिसेंबर 1894 रोजी, वयाच्या अवघ्या 44 व्या वर्षी तो गेला. फुफ्फुसाने नव्हे, मेंदूतील रक्तस्रावाने. सामोअन लोकांनी रातोरात रान तोडून वाट केली आणि वाएआ डोंगराच्या माथ्यावर त्याला नेऊन पुरले.

मित्रहो, समुद्राने त्याचा आजार पुरता बरा केला नाही. पण पूर्ण बरा होईपर्यंत तो थांबलाही नाही. खोलीत बसून त्याने रंगवलेल्या बेटावर सोने पुरलेले होते. खऱ्या बेटावर गेला तेव्हा मोए भेटली, ओरी भेटला, आणि हापांची ओस पडलेली दरी भेटली. पुढे तो त्यांच्यासाठी लिहीत आणि भांडत राहिला.

माझे वाया गेलेले वर्ष मी अजून मोजतो. पण होडीच्या काठावरून तोंड बुडवलेले ते दहा-बारा सेकंदही आता मोजू लागलो आहे. आणि हो, मागून कंबर धरून ठेवणाऱ्या त्या काकांचे नाव विचारायचे राहून गेले. पुढच्या खेपेला पहिले काम तेच.