मेजर एडविन आर्मस्ट्राँग

तारेवांचून शब्द दूर पोंचविण्याच्या विद्येचा विषय निघाला कीं मार्कोनीचें नांव आपल्या ओठीं येतें. परंतु रणांगणावरील साध्या पायदळ शिपायाला ही विद्या ज्यांच्या बुद्धीमुळें खरी उपयोगी पडली, त्या एडविन आर्मस्ट्राँग यांचें चरित्र आमच्या विद्यार्थी वाचकांनीं अवश्य जाणावें असें आहे.

त्यांचा जन्म १८९० सालीं न्यूयॉर्क शहरांत झाला. कोलंबिया विद्यापीठांत शिकत असतांनाच, १९१२ सालीं, त्यांनीं क्षीण संदेश अनेक पटींनीं बलवान करणारी योजना शोधून काढली. पहिल्या महायुद्धांत ते अमेरिकन सैन्याच्या संदेशदळांत अधिकारी होते. पॅरिस येथें १९१८ सालीं त्यांनीं शोधिलेली 'सुपरहेटरोडाइन' रचना पुढें घरोघरच्या रेडिओंत रूढ झाली.

तथापि एक शल्य त्यांना सलत होतें. आकाशांत वीज कडाडली कीं रेडिओवरील शब्द खरखरींत बुडून जात. ध्वनीप्रमाणें लहरींची उंची कमीअधिक करावयाची, ही त्या काळची पद्धत. आणि खरखरीचा आघातही उंचीवरच होई. आर्मस्ट्राँग यांनीं उंची कायम राखून कंपनसंख्या बदलण्याचा मार्ग धरिला. मोठमोठ्या तज्ज्ञांनीं निरुपयोगी ठरविलेली ही कल्पना त्यांनीं अनेक वर्षें खपून सिद्धीस नेली व १९३३ सालीं तिचीं पेटंटें मिळविलीं. हीच 'एफ. एम.' पद्धति होय.

दुसऱ्या महायुद्धांत तिची कसोटी लागली. मोटोरोला कंपनीनें तयार केलेलें, पाठीवर वाहून नेण्याचें, सुमारें ३५ पौंडांचें 'वॉकी-टॉकी' यंत्र याच पद्धतीचें होतें. त्याच्या साहाय्यानें शिपाई सुमारें तीन मैलांपर्यंत स्पष्ट बोलूं शके. रणगाड्यांच्या इंजिनांची खरखरही त्या पद्धतीला फारशी बाधत नसे. युद्ध चालू असेपर्यंत आर्मस्ट्राँग यांनीं आपल्या पेटंटांचा उपयोग सैन्याला विनामूल्य करूं दिला.

शांततेच्या काळांत मात्र आपला हक्क मिळविण्यासाठीं त्यांना न्यायालयाचीं दारें ठोठवावीं लागलीं. त्यांत पैसा व प्रकृति दोन्ही खर्ची पडलीं आणि १९५४ सालीं त्यांचा करुण अंत झाला. त्यांच्या पत्नी मॅरियन यांनीं तो लढा नेटानें पुढें चालविला. शेवटचा दावा त्याच मोटोरोला कंपनीविरुद्ध होता. १९६७ सालीं त्यांतही यश आलें. त्याआधींच, १९६२ सालीं, 'टेलस्टार' उपग्रहाच्या द्वारें महासागरापलीकडे जाणारे संदेश आर्मस्ट्राँग यांच्याच पद्धतीनें जाऊं लागले होते.

देशाची गरज होती तेव्हां त्यांनीं आपल्या श्रमाचें मोल मागितलें नाहीं. तें मोल त्यांना मिळालें, तें त्यांच्या पश्चात्. दुसऱ्याच्या शोधाचा लाभ घेणाऱ्यांनीं त्याचें ऋण वेळींच फेडावें, एवढा बोध आम्हांस या चरित्रापासून मिळतो.