टीका झाली, तरी दार उघडेच राहिले



देवाच्या पाचारणाला होकार देणाऱ्याला टीका चुकत नाही. ती परक्यांकडून होते, तशीच आपल्या माणसांकडूनही होते. अशा वेळी कसे वागावे, हे शिकायला आपल्याला दूर जावे लागत नाही. आपले कापूरहोळ ज्या पुणे जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील केडगावला पंडिता रमाबाईंनी आपले आयुष्य वेचले.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले आणि त्या माउलीने रमाबाईंना. पुढे दुष्काळात आईवडील गेले. लग्नानंतर दोनच वर्षांत पतीही वारले. पदरी लहानगी मनोरमा होती. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, तो अँग्लिकन पंथात. त्या कॅथोलिक नव्हत्या. पण एकाच बाप्तिस्म्यामुळे आपण त्यांना भगिनी मानतो.

एका विदुषी ब्राह्मण विधवेने धर्म बदलला, म्हणून महाराष्ट्रात गहजब झाला. तिकडे वाँटेजच्या धर्मभगिनींना त्या हट्टी वाटू लागल्या, कारण मनाला पटल्याशिवाय कोणतीही शिकवण त्या मान्य करीत नसत. दोन्हीकडून बोल ऐकावे लागले.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले. पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. तेथे धर्माची सक्ती नव्हती; मुली आपले आचारविचार पाळू शकत. मात्र रमाबाई स्वतः प्रार्थनेला बसत, तेव्हा खोलीचे दार बंद करीत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या. लोकमान्य टिळकांच्या केसरीने टीकेची झोड उठवली. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. आपल्या मुली दुसऱ्याच्या हाती सोपवलेल्या पालकांची काळजी आपणही समजून घेतली पाहिजे. सक्ती केलेली नाही, एवढे रमाबाईंनी स्पष्ट सांगितले. पण दार बंद करायला त्या तयार झाल्या नाहीत.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. उपासमार काय असते, हे त्यांना ठाऊक होते. मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो निराधार मुली-स्त्रिया आणल्या आणि केडगावला त्यांना घर दिले. तेच मुक्ती मिशन. तेथे मुली लिहा-वाचायला, शेती करायला, विणायला, छपाई करायला शिकल्या. सामान्य स्त्रीलाही कळावे म्हणून रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषा शिकून सोप्या मराठीत बायबलचा अनुवाद केला. १९२१ साली मनोरमा वारली, तरी त्यांनी काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या.

आपल्यावर टीका होते तेव्हा आधी तपासून पाहू या: तिच्यात तथ्य आहे का? असेल तर सुधारणा करू या. पण प्रभूने सोपवलेले काम सोडावे, असे कोणी म्हणत असेल, तर न रागावता, न लपता ते चालू ठेवू या. आपली प्रार्थना कोणावर लादू नये, तशीच ती झाकूनही ठेवू नये.

हे प्रभो, टीका ऐकण्याची नम्रता आणि तुझ्या पाचारणाला चिकटून राहण्याचे बळ आम्हांला दे. आमेन.