कॅप्टन फोर्साइथ आणि योग्य गोळी

दिवाळीच्या सुटीत माझा मुलगा, आपल्याच शाळेचा कॅडेट, जबलपूरला घरी आला होता. मी इथल्या रिछाई औद्योगिक वसाहतीत एका लहान कारखान्यात लेथवर काम करतो. एका दुपारी तो माझा डबा घेऊन आला आणि त्याने विचारले, की आफ्रिकेच्या माळरानावर हरणांची शिकार करणारे कोणती गोळी निवडतात? सर्वांत मोठी, की सर्वांत वेगवान?

मी त्याला म्हटले, या प्रश्नासाठी आफ्रिकेला जायला नको. याच प्रश्नाचा ध्यास घेतलेला एक माणूस आपल्या जबलपूरच्या आसपासच्या रानांतून फिरला होता. त्यांचे नाव कॅप्टन जेम्स फोर्साइथ.

फोर्साइथ यांचा जन्म 1838 चा. इंग्लंडात शिक्षण घेऊन ते हिंदुस्थानात आले. ते बेंगॉल स्टाफ कोअरचे अधिकारी होते. 1861 मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि सर रिचर्ड टेंपल यांच्या हाताखाली त्यांना जंगल खात्याचे काम मिळाले. 1862 मध्ये ते पचमढीच्या डोंगरावर पोहोचले व तिथे त्यांनी बायसन लॉज बांधले. ते घर आजही उभे आहे. पुढे ते अमरकंटकपर्यंत हिंडले आणि निमाड जिल्ह्याचे डेप्युटी कमिशनर झाले.

याच काळात त्यांनी शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या यांवर एक स्वतंत्र पुस्तक लिहिले. तेव्हा ठासणीच्या बंदुका होत्या. लष्करात लांबट, टोकदार गोळीचा बोलबाला होता, कारण ती दूरवर अचूक जाई. शिकाऱ्यांनीही तीच उचलली. फोर्साइथ यांनी मात्र आधी रान पाहिले. मध्य भारताच्या झाडीत जनावर बहुधा शे-दीडशे यार्डांच्या आतच दिसते. लांबट जड गोळी कमी दारूवर उडवली, की तिचा मार्ग कमानीसारखा वाकतो. अंतराचा अंदाज थोडा चुकला, तरी ती वर किंवा खाली लागते. शिवाय बारीक भोक पाडून ती आरपार निघून जाते आणि जनावर जखमी होऊन पळते.

म्हणून त्यांनी मोठ्या नळीची, गोल गोळीची आणि भरपूर दारूची रायफल सुचवली. त्या काळी 14 बोअर म्हणजे एका पौंड शिशात 14 गोळ्या, म्हणजे एकेक गोळी सुमारे 32 ग्रॅमची. पण जास्त दारूने गोल गोळी नळीतल्या पिळाच्या खाचा सोडून घसरते. त्यावर त्यांचा उपाय असा, की नळीचा पीळच अगदी कमी ठेवायचा. मग गोळी वेगाने आणि जवळपास सरळ जाते. हरणाला मऊ शिसे पुरे, पण गव्यासारख्या दांडग्या जनावरासाठी शिशात दुसरा धातू मिसळून गोळी कठीण करीत.

हा नुसता यंत्राचा हिशेब नव्हता. जखमी वाघ झुडपात शिरला, की त्याचा माग काढायला पुढे गावचे गोंड आणि कोरकू चालत. चुकीच्या गोळीची किंमत अनेकदा बंदूकवाल्याला नव्हे, तर त्यांना मोजावी लागे.

1 मे 1871 रोजी फोर्साइथ लंडनमध्ये वारले. वय अवघे 32-33. मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरचे आपले दुसरे पुस्तक छापण्याच्या तयारीसाठी ते तिथे गेले होते. पुस्तक निघाले, पण ते पाहायला ते राहिले नाहीत. त्याच वर्षी फ्रेडरिक सेलस हा 19 वर्षांचा तरुण दक्षिण आफ्रिकेत उतरला. पुढे तो तिथला नामांकित शिकारी झाला. त्यानेही सुरुवात पाव पौंडाच्या गोळीने केली आणि नंतर लहान नळीच्या रायफली हाती घेतल्या.

पितळी काडतुसे आली आणि फोर्साइथ यांची गोल गोळी मागे पडली. त्यांचा प्रश्न मात्र टिकला. आजही आफ्रिकेत हरणांसाठी आत शिरून फुलणारी मऊ टोकाची गोळी निवडतात आणि हत्तीसाठी आकार न बदलणारी भरीव. लढाईचा नियम याच्या उलट आहे. 1868 मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे 400 ग्रॅमहून हलक्या स्फोटक गोळ्यांवर बंदी आली. 1899 मध्ये हेगच्या घोषणेने शरीरात फुलणाऱ्या गोळ्याही वर्ज्य ठरवल्या. शिकारीत जी गोळी जनावराचे हाल वाचवते, ती युद्धात माणसाचे हाल वाढवणारी म्हणून नाकारली गेली.

मुलाला मी लेथवरची दोन टूल दाखवली. पितळेला एक धार, पोलादाला दुसरी. आधी माल ओळखायचा, मग टूल लावायचे. फोर्साइथ यांनी तेच केले. आपल्या देशात 1972 च्या कायद्याने शिकारीवर कडक निर्बंध आणले, आणि ते बरेच झाले. पण कॅडेट मित्रांनो, उद्या तुमच्या हातात रायफल येईल. चाप ओढण्याआधी आपली गोळी कुठे थांबणार आणि तिची किंमत कोण मोजणार, हे ठाऊक असले पाहिजे.

मुलगा बराच वेळ ती दोन्ही टूल हातात घेऊन पाहत राहिला. मोठी गोळी कोणती, हे त्याने पुन्हा विचारले नाही.