विश्लेषण : दुष्काळात कुटुंब गमावलेल्या पंडिता रमाबाईंनी शेकडो निराधार महिलांना कसे उभे केले?

पुणे जिल्ह्यातील दौंड तालुक्यात असलेल्या केडगावचे ‘मुक्ती मिशन’ अनेकांनी ऐकलेले असते. ते उभारणाऱ्या पंडिता रमाबाई स्वतः कधीकाळी उपाशीपोटी भटकल्या होत्या, हे मात्र फारसे माहीत नसते. त्यांच्या कामाची पद्धत समजून घ्यायची तर सुरुवात तिथूनच करावी लागते.

बालपण कसे होते?

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले आणि आईने रमाबाईंना. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थक्षेत्रांतून फिरत असे. १८७०च्या दशकातील दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण यांचा मृत्यू झाला. उरलेली दोन भावंडे पायी देशभर फिरली. १८७८ मध्ये कोलकात्यातील विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे भाऊ गेला. १८८० मध्ये त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी आंतरजातीय विवाह केला, पण दोनच वर्षांत तेही गेले. वयाच्या २३ व्या वर्षी त्या विधवा झाल्या. पदरी लहानगी मनोरमा होती.

कामाला सुरुवात कुठून झाली?

१८८२ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला. हंटर आयोगापुढे साक्ष देताना महिला शिक्षिका आणि महिला डॉक्टरांची गरज मांडली. इंग्लंड आणि अमेरिकेतून परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू केले. तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे महर्षी कर्वे यांच्या पत्नी झाल्या.

वाद कशावरून झाला?

इंग्लंडमध्ये असताना, १८८३ मध्ये रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. पुण्यात आलेल्या शारदा सदनात मुलींवर धर्मांतरासाठी प्रभाव टाकला जातो, असा आरोप झाला. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

मदतीची पद्धत वेगळी का होती?

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली व महिलांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, त्यामुळे त्यांना केडगावच्या शेतजमिनीवर हलवण्यात आले. १९०० च्या सुमारास ही संख्या दीड हजारांवर गेली.

एवढ्या जणींना नुसते जेवू घालणे परवडणारे नव्हते. रमाबाईंना ते पुरेसेही वाटत नव्हते. अन्न आणि निवाऱ्यानंतर अक्षरओळख, मग हाताला काम, असा क्रम होता. शेती, विणकाम, दुग्धव्यवसाय, तेलाचा घाणा, छापखाना ही सगळी कामे महिलाच करत. अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल शिकवत.

शेवट कसा झाला?

१९२१ मध्ये मनोरमाबाईंचे निधन झाले. त्यानंतर काही महिन्यांतच, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. त्यांच्या धर्मांतरावर आजही मतभेद आहेत. पण ज्यांना घर उरले नव्हते, त्या बायकांच्या हाती त्यांनी कौशल्य दिले आणि केडगावचे काम त्यांच्या मागेही सुरू राहिले.