दोन टोकांच्या मधले पाटीलबाबा

आमचं घर पुण्यात वानवडीला. शिंदे छत्री चालत दहा-बारा मिनिटांवर. लहानपणी रविवारी चर्चहून येताना कधीतरी पप्पा तिथं न्यायचे. चपला बाहेर काढायच्या, आत मोठ्यानं बोलायचं नाही आणि रंगीत काचांमधून पडणारं ऊन बघायचं, एवढंच मला त्या जागेबद्दल माहीत होतं. इथं महादजी शिंदे वारले हे पाटीवर वाचलं होतं, पण ते कोण, याची चौकशी कधी केली नाही. आपल्या गल्लीतल्या इतिहासाचं असंच होतं.

या वर्षी एम. ए.ला आम्हाला नेतृत्व आणि संवाद असा एक पेपर आहे. प्रत्येकानं एका नेत्यावर प्रेझेंटेशन करायचं. वर्गातल्या निम्म्या लोकांनी स्टीव्ह जॉब्स घेतला. मी महादजी घेतले, आणि खरं कारण सांगते, घराजवळ आहेत म्हणून घेतले. मग सुट्टीत उज्जैनला जाणं झालं. माझी मावशी तिथं एका मिशन हॉस्पिटलात नर्स आहे. म्हटलं, शिंद्यांची राजधानीही बघून होईल.

उज्जैनला शिंद्यांच्या खुणा पावलोपावली आहेत. राणोजी शिंद्यांनी १७३१ च्या सुमारास इथं ठाणं मांडलं. आज ज्या महाकाल मंदिरासमोर मैलभर रांग लागते, ते राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी पुन्हा उभं केलं. बाजारातलं गोपाळ मंदिर बायजाबाई शिंद्यांचं, म्हणजे महादजींच्या सूनबाईंचं. मावशीच्या शेजारी एक मराठी काका राहतात. त्यांचं मराठी मला अर्धं कळायचं, अर्धं माळवी हिंदीत बुडालेलं असायचं, पण शिंदेशाहीबद्दल ते तासभर बोलू शकतात. मी त्यांना विचारलं, महादजी यातल्या कुठल्या वाड्यात राहायचे? काका हसले. महादजी राहिले कुठं इथं? त्यांचा बहुतेक जन्म तंबूत गेला, आज मथुरेला तर उद्या दिल्लीच्या वाटेवर. उज्जैन त्यांची राजधानी खरी, पण ती जहागिरीची आणि वाटेवरची. एका टोकाला पुणे, दुसऱ्या टोकाला दिल्ली, मध्ये हे गाव.

ही गोष्ट माझ्या डोक्यात बसली. रात्री मावशीच्या गच्चीवर नकाशा उघडून बघितला आणि प्रेझेंटेशनचा आधीचा आराखडा फेकून दिला.

महादजी राणोजींचे धाकटे, पण औरस नव्हेत. त्यामुळे घरात त्यांचा नंबर शेवटचा. पण एकेक करून सगळे गेले. जयाप्पा नागौरला मारले गेले, दत्ताजी बुराडी घाटावर पडले, आणि १७६१ साली पानिपतानं तुकोजी आणि जनकोजी दोघांनाही नेलं. महादजी स्वतः तिथं पायावर वार झेलून पडले होते. राणेखान नावाच्या एका भिश्त्यानं, म्हणजे पखालीतून पाणी वाहणाऱ्या माणसानं, त्यांना उचलून दक्षिणेत आणलं. पाय कायमचा अधू झाला. राणेखानाला महादजींनी भाऊ मानलं, आणि ते नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं. पुढे तोच पखालवाला त्यांच्या मोठ्या सेनापतींपैकी एक झाला, दिल्लीवर फौज घेऊन गेला. माझ्या पेपरच्या पुस्तकात टीम कशी निवडावी यावर चाळीस पानं आहेत, त्यात हे कुठं बसवावं ते मला कळलं नाही.

सरदारकी हाती यायला १७६८ उजाडलं. नंतरच्या लढायांबद्दल मी भरभर सांगते, कारण त्या पाठ्यपुस्तकात आहेत. १७७९ च्या जानेवारीत वडगावला इंग्रजांची फौज कोंडली गेली आणि त्यांना तह करावा लागला. मला यातली एक बारीक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या तहाच्या हमीसाठी फार्मर आणि स्टुअर्ट हे दोन इंग्रज महादजींकडे ओलीस होते. पुढच्या वर्षी समोरून जनरल गॉडर्डची फौज येत असताना महादजींनी त्या दोघांना आपणहून सोडून दिलं. पत्र लिहून मैत्री कळवता आली असती, पण माणसं परत पाठवली तर निरोप जास्त खरा वाटतो. गॉडर्डनं तो निरोप मानला नाही, उलट हल्ला केला, हेही सांगायला हवं. त्यानंतर ग्वाल्हेरचा किल्ला गेला, १७८१ त शिप्रीजवळ मार बसला, इंग्रज माळव्यात शिरले.

आणि अशा पडत्या बाजूला असताना महादजींनी आयुष्यातली सर्वांत मोठी चाल केली. १७८२ च्या मे महिन्यात ग्वाल्हेरजवळ सालबाईला इंग्रज आणि पेशवे यांच्यात तह झाला. तो घडवून आणणारे महादजी आणि दोन्ही बाजूंच्या वतीनं जामीनही तेच. म्हणजे बघा, जो माणूस पेशव्यांचा नोकर म्हणून लढत होता, तोच आता पेशवे आणि इंग्रज यांच्या मधला मध्यस्थ. पुण्यात नाना फडणवीसांनी सही करायला कित्येक महिने लावले. हैदर अली डिसेंबरात गेला, त्यानंतर पुढच्या वर्षी फेब्रुवारीत कागदांची अदलाबदल झाली. तोवर ही दोन टोकं तुटू न देणं हे महादजींचं काम होतं.

यापुढे त्यांचं सूत्र एकच दिसतं: निरोप जाईल तो माझ्यातून जाईल. १७८५ त कंपनीला पुण्यात आपला वकील ठेवायचा होता. त्यासाठी नेमलेला चार्ल्स मॅलेट हा सुरतेहून सरळ पुण्याला जाऊ शकत होता. पण तो आधी उलट दिशेला, उज्जैनवरून आग्र्याकडे महादजींच्या छावणीत गेला, त्यांची संमती काढायला. महादजींना ही कल्पनाच पसंत नव्हती. इंग्रजांचा माणूस पुण्यात थेट नानांशी बोलू लागला तर आपलं मधलं स्थान काय राहणार? दिल्लीतही तोच प्रकार. १७८४ त बादशहा शाह आलमकडून वकील-इ-मुतलक हे सर्वोच्च पद आलं, ते महादजींनी पेशव्यांच्या नावानं घेतलं आणि स्वतः त्यांचे नायब झाले. कागदावर मोठेपणा पुण्याचा, कारभार त्यांच्या हातात.

इथं मला गच्चीवर जरा गप्प बसावं लागलं. त्याचं कारण सांगते. मी आपल्या मंडळाची सेक्रेटरी झाले तेव्हा पहिलं काम काय केलं, तर व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त ॲडमिननी लिहावं अशी सेटिंग लावली. गुड मॉर्निंगची फुलं थांबवायला, असं मी सगळ्यांना सांगितलं. सूचना माझ्याकडून जायच्या, प्रश्न मला वेगळे यायचे. सरांना काय कळवायचं ते मी ठरवायचे. मला वाटायचं, सगळं किती सुरळीत चाललंय. जानेवारीत कळलं की ज्युनियर्सनी माझ्याशिवाय दुसरा ग्रुप काढलाय आणि मराठी दिनाचा कार्यक्रम तिथंच ठरतोय.

महादजींच्याही दोन्ही टोकांना हेच वाटू लागलं होतं. पुण्याला वाटे, हा माणूस दिल्लीत स्वतःचं राज्य उभं करतोय. दिल्लीच्या मोगल सरदारांना वाटे, हा पुण्याचा हस्तक. बादशहाच्या नावानं इंग्रजांकडे बंगालच्या खंडणीची मागणी गेली, तेव्हा कलकत्त्याहून इतका कडक जाब आला की महादजींना लेखी अंग झटकावं लागलं. आणि १७८७ त लालसोटला तर घरचेच फितले. बादशाही पलटणींचे पगार थकले होते, त्या सरळ शत्रूला जाऊन मिळाल्या. सैनिकाला पगाराखेरीज कुठलाही निरोप कळत नाही, हे त्या दिवशी महादजींना पटलं असावं. पुण्याहून मदत मागितली, ती वेळेवर आली नाही. वर्षभरानं गुलाम कादिरनं दिल्लीत शिरून शाह आलमचे डोळे काढले. मग राणेखानानं दिल्ली परत घेतली, द बॉइनच्या कवायती पलटणी वाढल्या, १७९० त पाटण आणि मेडता जिंकलं. महादजी पुन्हा शिखरावर. पुण्याचा संशय मात्र होता तिथंच.

म्हणून १७९२ च्या जूनमध्ये ते स्वतः पुण्याला आले. बादशहाची फर्मानं आणि खिलत पेशव्यांना द्यायची होती. नानांनी खोडा घातला की आपला धनी सातारकर छत्रपती, मोगलांचा किताब कशाला? साताऱ्याची परवानगी आणावी लागली. दरबारात महादजी सगळ्या मानकऱ्यांच्या खाली बसले. बगलेतून गाठोडं काढलं, त्यात पेशव्यांसाठी नवे जोडे होते. अठरा वर्षांच्या सवाई माधवरावांच्या पायातले जुने जोडे काढून ते नवे त्यांनी घातले, आणि आपल्या बापाचं काम हेच होतं, आपलंही हेच, असं सांगितलं. हिंदुस्थानातला तेव्हाचा सर्वांत बलवान माणूस स्वतःला पाटीलच म्हणवून घ्यायचा.

हे नाटक होतं का? इंग्रज लेखकांना ते बहुतेक तसंच वाटलं. माझ्या पेपरच्या भाषेत याला इमेज मॅनेजमेंट म्हणतील. मला हा प्रश्न तितका सरळ वाटत नाही. ज्यानं भिश्त्याला भाऊ मानलं, बीडच्या मन्सूरशहा फकिराला गुरू केलं, लष्कराच्या छावणीत बसून भजनं रचली, त्याची नम्रता सगळी खोटी असेल असं मला म्हणवत नाही. पण ती दरबारात, सगळ्यांच्या देखत, नानांना दिसेल अशी दाखवली गेली हेही खरंच. खऱ्या गोष्टीचाही वापर करता येतो. आणि नाना काही फसले नाहीत.

उज्जैनच्या काकांनी यावर एक गोष्ट सांगितली. बांद्याचे सोहिरोबानाथ आंबिये उतारवयात उत्तरेकडे आले होते, उज्जैनला त्यांचा मठ झाला. महादजींचे बक्षी जिवबादादा केरकर हे पेडण्याकडचे, त्यांनी आपल्या भागातल्या या सत्पुरुषाला महादजींच्या भेटीला नेलं. महादजींनी मोठ्या हौसेनं आपल्या कविता दाखवल्या. सोहिरोबांनी त्यांची स्तुती तर केली नाहीच, उलट मला तुमची गरज नाही असं तोंडावर पदातून ऐकवलं आणि निघाले. गोष्ट परंपरेनं चालत आलेली आहे. पण मला ती आवडली, कारण महादजींच्या चरित्रात त्यांच्याकडून काहीच नको असलेला माणूस दुसरा सापडत नाही.

पुण्यात ते दीड वर्षाहून अधिक राहिले. तरुण पेशव्याला शिकारीला नेलं, जीव लावला. नानांनी काशीला निघून जायची भाषा केली, मग वरवर समेट झाला. तिकडे १७९३ त लाखेरीला द बॉइननं तुकोजी होळकरांच्या फौजेचा धुव्वा उडवला, आणि परतीच्या वाटेवर होळकरांनी राग काढला तो उज्जैनवर. शहर लुटलं गेलं. मालक पुण्यात दोन टोकं जुळवत बसले होते आणि मधलं गाव जळत होतं.

१२ फेब्रुवारी १७९४ ला वानवडीच्या छावणीत महादजी तापानं गेले. मुलगा नव्हता. दत्तक दौलतराव पंधराच्या आतबाहेर. त्यांच्यातून जाणारे सगळे निरोप त्यांच्याबरोबर थांबले. १८१० त दौलतरावांनी राजधानीही उज्जैनहून ग्वाल्हेरला नेली.

परतीच्या आदल्या संध्याकाळी मावशीबरोबर रामघाटावर बसले होते. क्षिप्रेची आरती व्हायची होती. मी फोन काढून ग्रुपची सेटिंग बदलली. दोन मिनिटं काहीच आलं नाही. मग पहिल्या वर्षाच्या एका मुलानं गेल्या कार्यक्रमाचा हिशेब मागितला, आणि त्याखाली कुणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकलं, संध्याकाळी सात वाजता.