राजांच्या अंत्ययात्रा काढणाऱ्या माणसाने २१ किलो वजन उतरवलं आणि त्याचं आडनावच डाएटचं नाव झालं

६६ वर्षांचा एक माणूस जिना उतरतोय. पण सरळ नाही, उलटा. तोंड वरच्या पायरीकडे, पाठ खालच्या बाजूला आणि एकेक पाऊल चाचपत. सरळ उतरलं तर अंगाचा सगळा भार गुडघ्यांवर आणि घोट्यांवर येतो आणि तो सोसत नाही, म्हणून ही युक्ती. बुटाच्या नाड्या बांधायला खाली वाकता येत नाही. दोन-चार पायऱ्या चढल्या की धाप लागते. आणि आता तर कानानेही कमी ऐकू यायला लागलंय.

साल १८६२, गाव लंडन. माणसाचं नाव विल्यम बँटिंग.

आज कीटो, लो-कार्ब अशी नावं आपल्या तोंडात बसली आहेत. पण या सगळ्या प्रकारांच्या फार आधी, भाकरी-साखर बंद करून वजन उतरवणं लोकांमध्ये लोकप्रिय केलं ते या माणसाने. तो डॉक्टर नव्हता, पैलवान नव्हता. त्याचा धंदा होता अंत्यविधीची व्यवस्था पाहण्याचा.

राजघराण्याचा विश्वासू माणूस

बँटिंग यांचा जन्म १७९६ चा. लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर त्यांच्या घराण्याचा व्यवसाय होता. फर्निचर, घराची सजावट आणि त्यासोबत अंत्यसंस्काराची सगळी तयारी. पेटीपासून मिरवणुकीपर्यंत सगळं त्यांच्याकडे. ब्रिटिश राजघराण्याचं हे काम पिढ्यान्‌पिढ्या बँटिंग कुटुंबाकडे होतं. १८२० मध्ये तिसरा जॉर्ज गेला, १८३० मध्ये चौथा जॉर्ज गेला, तेव्हा व्यवस्था त्यांच्याच पेढीची होती. १८५२ मध्ये नेपोलियनला हरवणाऱ्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनची अवाढव्य अंत्ययात्रा निघाली आणि १८६१ मध्ये राणी व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स अल्बर्ट गेला, तेव्हाही हीच पेढी होती.

म्हणजे माणूस खातापिता, नावाजलेला, पैशाला कमी नाही. दुखणं एकच, ते म्हणजे वाढत जाणारं अंग.

घरात आईवडिलांकडून कुणीच जाड नव्हतं. बँटिंग तरुणपणी चांगले चपळ होते. तिशी उलटली आणि हळूहळू अंग सुटायला लागलं.

होडी वल्हवली, ताकद आली, पोटही आलं

तेव्हा त्यांनी काय करावं? तेच, जे आज आपण करतो. आधी व्यायाम.

एका नामांकित सर्जन मित्राने सांगितलं, अंगमेहनत वाढवा. बँटिंग नदीजवळ राहायचे. त्यांनी एक जड, भक्कम होडी घेतली आणि रोज पहाटे दोन-दोन तास वल्हवायला सुरुवात केली. मनापासून केलं. परिणामही दिसला. दंडात, खांद्यात ताकद आली. पण त्यासोबत भूकही अशी खवळली की विचारू नका. जेवढं जळत होतं त्यापेक्षा जास्त पोटात जात होतं. वजन वाढतच राहिलं. शेवटी त्याच मित्राने सांगितलं, राहू द्या हा व्यायाम.

मग सुरू झाली पुढची सगळी वारी. समुद्राची हवा, समुद्रस्नान, घोडेस्वारी, भरपूर चालणं. लेमिंग्टन, चेल्टनहॅम, हॅरोगेट अशा औषधी झऱ्यांच्या गावांना जाऊन तिथलं पाणी पिणं. बाटल्याच्या बाटल्या औषधं. वाफेची टर्किश स्नानं, त्यातून उतरलं ते जेमतेम ६ पौंड, म्हणजे पावणेतीन किलो. उपाशी राहूनही पाहिलं. त्याने अशक्तपणा आला, अंगावर गळवं उठली.

ही वर्षं थोडीथोडकी नाहीत, जवळजवळ ३० वर्षं गेली. या काळात डॉक्टरांनीही लठ्ठपणाकडे आजार म्हणून पाहिलं नाही. वय झालं की अंग सुटायचंच, असा बहुतेकांचा सूर.

कान दाखवायला गेले आणि नशीब उघडलं

ऑगस्ट १८६२. ऐकू कमी येतंय म्हणून बँटिंग कानाच्या डॉक्टरकडे निघाले. नेहमीचे डॉक्टर सुट्टीवर गेलेले. म्हणून ते दुसऱ्याकडे गेले. हे दुसरे म्हणजे विल्यम हार्वे, सोहो भागातले कानांचे सर्जन.

हार्वे काही वर्षांपूर्वी पॅरिसला गेले होते. तिथे क्लोद बर्नार हे मोठे शरीरशास्त्रज्ञ मधुमेहाबद्दल आणि यकृतात साखर कशी तयार होते याबद्दल व्याख्यानं देत होते. हार्वेंच्या डोक्यात एक विचार पक्का बसला. साखर आणि पिष्टमय पदार्थ कमी केल्याने मधुमेहात फरक पडत असेल, तर अंगावरच्या चरबीतही का पडू नये?

त्यांनी बँटिंग यांना तपासलं आणि निदान केलं की दोष कानात नाही. आत साठलेल्या चरबीचा कानाच्या नळीवर दाब पडतोय. औषध एकच, चरबी उतरवा. आणि ती उतरवायला पाव, लोणी, दूध, साखर, बीअर आणि बटाटा बंद.

बँटिंग चक्रावले असणार, कारण तोवर त्यांचं रोजचं जेवण म्हणजे बहुतांशी हेच पदार्थ होते.

नवं ताट असं होतं. सकाळी १०० ते १४० ग्रॅमच्या आसपास मांस किंवा मासे, बिनसाखरेचा, बिनदुधाचा चहा आणि कोरड्या टोस्टचा छोटा तुकडा. दुपारी मांस-मासे, बटाटा सोडून कुठलीही भाजी, थोडं फळ. रात्री पुन्हा मांस किंवा मासे. सोबत वाइनचे पेले होतेच. आजचा डॉक्टर वजन उतरवायला दारू लिहून देणार नाही, पण तो काळ तसा होता.

२६ ऑगस्ट १८६२ ला बँटिंग काट्यावर उभे राहिले. उंची ५ फूट ५ इंच आणि वजन २०२ पौंड, म्हणजे ९१ किलोच्या वर. दर दोन-तीन आठवड्यांनी ते वजनाची नोंद करत गेले. १२ सप्टेंबर १८६३ ला काटा होता १५६ पौंडांवर. ४६ पौंड, म्हणजे जवळपास २१ किलो उतरले होते.

पण त्यांनी फक्त काट्यावर विश्वास ठेवला नाही. कंबरेचा घेरही मोजला. तो सव्वाबारा इंचांनी कमी झाला होता. जिना सरळ उतरता येऊ लागला, नाड्या स्वतःच्या हाताने बांधता येऊ लागल्या आणि ऐकूही नीट येऊ लागलं.

पुस्तिका, टिंगल आणि नवं क्रियापद

१८६३ मध्ये बँटिंग यांनी स्थूलतेवर जनतेला उद्देशून एक छोटी पुस्तिका लिहिली आणि स्वतःच्या पैशाने छापून फुकट वाटली. आपल्यासारखे कितीतरी लोक वर्षानुवर्षं भोगतायत, त्यांना कळावं एवढाच हेतू. मागणी इतकी आली की पुढच्या आवृत्त्या विकायला ठेवाव्या लागल्या. त्यातून आलेला नफा त्यांनी दानधर्माला दिला.

वैद्यकीय जगातून टीकेची झोड उठली. अंत्ययात्रा काढणाऱ्याने औषधोपचारात नाक का खुपसावं, असा एकंदर सूर. व्यंगचित्रवाल्यांनी टिंगल केली. पण लोकांना ते पटलं. लंडनमध्ये डाएट करण्याला थेट त्यांच्या आडनावाचं क्रियापद मिळालं. स्वीडिश भाषेत तर आजही वजन उतरवण्यासाठी खाणं कमी करण्याला ‘बांटा’ म्हणतात.

बँटिंग पुढेही स्वतःवर प्रयोग करत राहिले. साखर परत खाऊन पाहिली, वजन लगेच चढलं, परत बंद केली. ज्यांना साठीत जिना सरळ उतरता येत नव्हता, ते १८७८ मध्ये वयाच्या ८१ व्या वर्षी गेले.

काट्याने जे सांगितलं नाही

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण आज ज्यांनी १०-१५ किलो उतरवलेत आणि तरी आरशात बघून समाधान होत नाही, त्यांच्यासाठी खरी गोष्ट इथून सुरू होते.

काटा फक्त वजन सांगतो. ते वजन कशाचं आहे हे सांगत नाही. चरबी, स्नायू, हाडं, पाणी, सगळ्याची मिळून एकच बेरीज. नुसतं कमी खाऊन वजन उतरवलं तर उतरलेल्या वजनातला साधारण पाव भाग चरबीचा नसतो, असं ढोबळमानाने धरलं जातं. त्यात स्नायूही असतात. म्हणजे १० किलो उतरले तर अडीच किलोच्या आसपास असं काही गेलं, जे राहायला हवं होतं. म्हणूनच वजन कमी होतं, पण पोट सैल, दंड मऊ आणि अंगात जोर नाही, असं होतं. आणि खाणं पुन्हा सुटलं की परत येते ती बहुतेक चरबीच. स्नायू आपोआप येत नाहीत.

वजन आणि चरबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण आपल्या पुण्याचं आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच होता, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. आकडा तोच, शरीर वेगळं. आपल्याकडची बारीक दिसणारी माणसंही आतून चरबीदार असू शकतात, हे त्यातून सगळ्यांना कळलं.

आता या नजरेने बँटिंग यांच्याकडे परत बघा.

स्नायू टिकवायला तीन गोष्टी लागतात. वजन सावकाश उतरणं, प्रथिनं पुरेशी मिळणं आणि स्नायूंना ओझ्याचं काम असणं.

पहिली गोष्ट बँटिंग यांच्याकडे होती. ५४ आठवड्यांत २१ किलो, म्हणजे आठवड्याला सरासरी ४०० ग्रॅमही नाही. आज महिन्यात १० किलोच्या जाहिराती पाहणाऱ्याला हा वेग हास्यास्पद वाटेल, पण शरीराला तो मानवतो.

दुसरीही होती, अगदी नकळत. हार्वे यांनी साखर काढली आणि तिच्या जागी मांस-मासे दिले. दिवसाला ३४० ते ४२५ ग्रॅम. म्हणजे प्रथिनं सहज ८० ग्रॅमच्या पुढे. त्या काळात स्नायू वाचवायचा विचार कुणाच्या मनात नव्हता, पण ताट तसंच वाढलं गेलं.

तिसरी गोष्ट मात्र मागे नदीवर राहिली होती. त्यांच्या पुस्तिकेचा सगळा भर खाण्यावर आहे. वल्हवण्याची आठवण येते ती फसलेला उपाय म्हणून. खरं तर वल्हवणं फसलं नव्हतं. ताकद आली होती, ती त्यांना स्वतःला जाणवली होती. फसलं होतं ते ताट. तरुणपणी व्यायाम होता पण ताट चुकलेलं. म्हातारपणी ताट बरोबर होतं पण वल्हं हातात नव्हतं. कोड्याचे दोन्ही तुकडे एकाच माणसाच्या आयुष्यात आले, फक्त २५-३० वर्षांच्या अंतराने.

आपल्याला एवढं थांबायची गरज नाही. वजन उतरलं असेल तर आता काट्याचा नाद थोडा कमी करा. महिन्यातून एकदा कंबर टेपने मोजा. आठवड्यातून किमान दोन दिवस असा व्यायाम करा ज्यात स्नायूंना जोर लावावा लागतो. जोर-बैठका, डंबेल, काहीही चालेल, पण ओझं हळूहळू वाढवत न्या. ताटात पोळी-भातासोबत डाळ, उसळ, अंडी, मासे, पनीर, दही यातलं काहीतरी प्रत्येक जेवणात येऊ द्या. नुसत्या वरणाच्या पाण्यावर भागत नाही. किडनीचा त्रास किंवा मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि घाई करू नका, स्नायू महिन्यांच्या हिशोबाने वाढतात.

काटा कदाचित जागचा हलणार नाही. चरबी एक किलो गेली आणि स्नायू एक किलो आले तर काट्याला कळणारच नाही. पँटला कळेल, जिन्याला कळेल.

बँटिंग यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेवटच्या प्रवासाची तयारी केली. त्यांचं स्वतःचं यश ४६ पौंडांच्या आकड्यात मोजलं गेलं. पण उलटा जिना उतरणारा माणूस सरळ उतरायला लागला, हे त्या आकड्यापेक्षा मोठं होतं.