परिशिष्टात उमटलेला नियम

३ जानेवारी १८५८ रोजी पॅरिसमध्ये हेन्री डार्सी यांचे निधन झाले आणि दुसऱ्याच दिवशी फ्रान्समधील दिजाँ शहराने जलकुंभाजवळच्या चौकाला त्यांचे नाव दिले. अभियंत्याच्या वाट्याला असा मान क्वचितच येतो.

डार्सी मूळचे दिजाँचेच. जन्म १० जून १८०३चा. चौदाव्या वर्षी पितृछत्र हरपले. आईने कर्ज काढून शिकवणीची सोय केली. पॅरिसमध्ये अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते सरकारच्या पूल व रस्ते खात्यात रुजू झाले आणि लवकरच जन्मगावी परतले. दिजाँचे पाणी त्या काळी कमालीचे वाईट होते. डार्सी यांनी रोझ्वार झऱ्याचे पाणी साडेबारा किलोमीटरहून लांब बंदिस्त कालव्यातून, कोणत्याही पंपाविना, केवळ उताराच्या बळावर शहरात आणले. ६ सप्टेंबर १८४० रोजी ते पोहोचले. पुढे सुमारे २८ किलोमीटर नळांचे जाळे आणि १४२ सार्वजनिक नळकोंडाळी झाली. या कामाचे सुमारे ५५ हजार फ्रँक मानधन त्यांनी नाकारले. स्वीकारले ते एक सुवर्णपदक आणि घराला आजन्म मोफत पाणी.

मात्र लोकप्रियता सत्ताधाऱ्यांना नेहमीच मानवते असे नाही. १८४८च्या राज्यक्रांतीनंतर त्यांची दिजाँतून उचलबांगडी झाली. पुढे पॅरिसच्या पाणी व रस्त्यांची जबाबदारी मिळाली, पण प्रकृती ढासळत गेली. १८५५मध्ये कामातून मोकळे होऊन ते दिजाँत परतले.

आज जगाला ठाऊक असलेले डार्सी घडले ते या आजारपणात. पाणी गाळण्यासाठी वाळूचे थर वापरले जात. पण किती पाण्याला किती वाळू लागेल, याचा हिशेब अंदाजपंचेच चाले. दिजाँच्या रुग्णालयात त्यांनी लोखंडी उभे नळकांडे बसवून त्यात वाळू भरली. सहकारी अभियंता शार्ल रितेर यांच्या साहाय्याने १८५५ आणि १८५६मध्ये प्रयोग झाले. निष्कर्ष साधा होता. थराच्या दोन्ही टोकांच्या जलदाबातील फरक दुप्पट केला तर प्रवाह दुप्पट होतो. थराची जाडी दुप्पट केली तर तो निम्मा होतो. उरतो तो एक गुणक, आणि तो त्या त्या वाळूचा असतो. दिजाँच्या पाणीयोजनेवरील त्यांच्या १८५६च्या जाडजूड ग्रंथात हे सारे एका परिशिष्टात सामावले.

विहिरीला किती पाणी लागेल, खडकातले तेल किती वेगाने निघेल, जमिनीत मुरलेले विषारी सांडपाणी कुठवर पसरेल, या साऱ्या गणितांचा पाया तेच परिशिष्ट ठरले. तेलक्षेत्रात खडकाची पार्यता ‘डार्सी’ याच एककात मोजतात. आता संगणकावरील प्रारूपे त्यात रसायनशास्त्राची भर घालतात. वाहते पाणी खडकातील खनिजे विरघळवते, तर कुठे नवी खनिजे साचवते. छिद्रे रुंदावतात किंवा बुजतात आणि डार्सींचा तो गुणकच बदलत जातो. म्हणून प्रवाह आणि रासायनिक अभिक्रिया यांचे गणित एकत्रच सोडवावे लागते. आइसलँडमध्ये २०१२मध्ये कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसाल्ट खडकात सोडण्यात आला. दोन वर्षांच्या आत त्यातील ९५ टक्क्यांहून अधिक वायूचे खनिजात रूपांतर झाल्याचे २०१६मध्ये प्रसिद्ध झाले. हा वायू खडकात किती खोल जाईल आणि वाटेतली छिद्रे कधी बुजतील, याचा अंदाज बांधताना आजही पहिले समीकरण डार्सींचेच मांडावे लागते.